सख्ख्या भावाचं रक्त

यकृत निकामी झालं की हल्ली सख्ख्या भावंडाच्या रक्तातल्या पेशी वाढवून औषध तयार करतात. श्रीरंगसाठी ते दिगंबरच्या रक्तातून तयार करून सकाळी टोचलं. दुपारी त्याचं शरीर ते औषध नाकारू लागलं.

"काका, तुम्ही सख्खे भाऊच ना?" डॉ. मृण्मयीनं विचारलं.

"नाही गं. जोडीदार आहोत," दिगंबर म्हणाला. "पूर्वी भाऊ म्हटल्याशिवाय वॉर्डात सोडायचे नाहीत. तीच नोंद राहिली. रक्त मागितलंत, मला वाटलं, कुणाचंही चालतं."

"अहो, आता कोण काय म्हणणार होतं?"

"औषध काढून घेता येईल?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

श्रीरंगनं डोळे उघडले. "सांगितलंस त्यांना?"

"हो."

"रागावल्या?"

"नाही रे."

"बघ," श्रीरंग पुटपुटला, "उगाच घाबरलो आपण."