हळदीच्या सुताची सुपारी

आश्रुबा कोष्ट्यानं गाठोडं राधाकिशनशेटच्या कापडदुकानाच्या पायरीवर टेकवलं. दर फाल्गुनात चारठाण्याहून वालूरला हे गाठोडं यायचं, आणि ते दिसलं की शेट गादीवरून उठून सामोरा जायचा. आज तो बसूनच राहिला, हातातल्या कापड मोजायच्या गजाशी उगाच चाळा करत.

"लगीनसराईची लुगडी हायेत, शेट," आश्रुबा म्हणाला. "औंदा काठ जरा रुंद धरलाय."

गाठोड्याच्या गाठीला सुपारी बांधली होती, हळदीच्या सुतात गुंडाळलेली. दसऱ्याला ती दुकानातून कोष्ट्याच्या घरी जायची. मागावर उतरेल तेवढा माल माझा, एवढाच तिचा अर्थ. लिहिणं नाही, अंगठा नाही. माल आला की शेटनं आपल्या हातानं ती सोडून घ्यायची. एकदा बांधली की कोष्ट्यानं ती सोडायची नाही. राधाकिशनच्या बापापासूनची ही रीत. यंदाही त्यानं सवयीनं धाडली होती. आता सणाच्या दिवशी पुढचं कुणाला सुचतं?

मग थंडीत हुकूम आला. निजाम गेला तरी नाक्यावरची करोडगिरी, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावरची जकात, चालूच होती. ती गिरणीच्या कापडापुरती माफ झाली. वालूरच्या दुकानदारांनी पेढे वाटले. राधाकिशननंही वाटले, खोटं कशाला बोला. सेलूच्या स्टेशनावर मुंबईच्या गाठी उतरल्या, आणि बघता बघता त्याची फडताळं छापील पातळांनी भरून गेली. आश्रुबाच्या एका लुगड्याच्या किमतीत आता तसली दोन पातळं येत होती.

"सुतावरची जकात बी उठली असंल की," राधाकिशन म्हणाला. उत्तर त्याला ठाऊक होतं, पण काहीतरी बोलायला हवं होतं.

"कुठली उठती. हद्दीपल्याड लोणारच्या बाजारातून सूत आणलं, तर नाक्यावर पिशवी उपडी करायला लावली. मी म्हणलं, साहेब, माफी हाय म्हणं. तर म्हणला, कापडाला हाय, सुताला न्हाई." आश्रुबा हसला. "गिरणीवाल्याला वाट मोकळी, आमच्या सुताला आडकाठी. तरी विणायलोत."

राधाकिशनला हसू आलं नाही. गाठोडं घेतलं तर माल वर्षभर फडताळात पडून राहणार, हे लहान पोरालाही कळलं असतं. आणि नाही घेतलं तर आश्रुबाच्या घरची चूल कशावर पेटणार? शब्द तर आपणच दिलेला. जाऊ दे, घेऊन टाकू, असं म्हणत तो उठायला लागला. तेवढ्यात आतलं दार वाजलं.

मनकर्णा, त्याची बायको, पाण्याचा तांब्या घेऊन आली. "आलात का भाऊ? हातपाय धुवा. ताटं वाढायलेच." माल आला की आश्रुबा शेटच्या शेजारी ओसरीवर जेवायचा, आणि गाठोड्यातलं पहिलं लुगडं मनकर्णाचं असायचं. तेच ती वर्षभर मिरवायची. आज तिच्या अंगावर निळं, फुलाफुलांचं पातळ होतं.

ती पदर सावरायला गेली आणि तिचं तिलाच उमगलं. हात तिथंच थांबला.

"चांगलं दिसतंय वैनी," आश्रुबा म्हणाला. "हलकं असंल न्हाई?"

"हो. धुवायला लय सोपं," ती बोलून गेली, आणि तांब्या ठेवून लगबगीनं आत वळली.

आश्रुबा दोन घोट पाणी प्यायला. मग त्यानं गाठोड्यावरची सुपारी सोडली आणि शेटच्या गादीवर ठेवली.

"तुमची जबान तुमाला परत, शेट."

"अरे, मी कुठं न्हाई म्हणालो?"

"न्हाई म्हणला न्हाईत, म्हणूनच देतो. तुमाला म्हणायची पाळी येऊ नये."

राधाकिशननं ती मागं सरकवायला हवी होती. फार नाही, एका बोटानं ढकलली असती तरी भागलं असतं. त्यानं ती उचलली. आधी त्याला हायसं वाटलं, आणि मग हायसं वाटलं म्हणून मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोवर आश्रुबानं गाठोडं खांद्यावर घेतलं होतं.

"जेवून तरी जा."

"नको. ऊन चढायच्या आत झरीची वाट धरतो. तिथं कुणी घेतंय का बघतो."

तो पायरी उतरला. बाजारातल्या गर्दीत गाठोडं थोडा वेळ दिसत राहिलं, मग तेही दिसेनासं झालं.

मनकर्णा दारात आली. तिनं घाईघाईनं जुनं लुगडं नेसलं होतं, आश्रुबाच्याच मागावरचं. "भाऊ कुठं गेले? पाट मांडलेत मी."

राधाकिशननं मूठ उघडली नाही. घामानं हळद बोटांना लागली होती.

"पाट उचल," तो म्हणाला.

"त्यांचा?"

"दोन्ही."