कानात सांगितलेलं नाव

वरूडच्या पुढे, संत्र्याच्या बागेतल्या मठाशी पास्टर किशोर तायडे उतरले, तेव्हा पहिलं तोंड दिसलं ते फादर मार्टिन इंगळ्यांचं. वळकटी खांद्यावर टाकून फादर पायऱ्या चढत होते. पास्टरांनी चटकन खाली वाकून बुटाची लेस बांधायला घेतली. ती सुटलेली नव्हती.

दोघेही अकोल्याचे, दोघांची चर्चं एकाच रस्त्यावर. नाताळची एकत्र मिरवणूक कोणाच्या दारातून निघावी, एवढ्याशा गोष्टीवरून बोलणं बंद पडलं, ते कित्येक वर्षं बंदच होतं. दर रविवारी दोघेही लोकांना क्षमेचं महत्त्व पटवून देत, ती गोष्ट वेगळी.

जानेवारीतल्या ऐक्य-सप्ताहासाठी मठाच्या ब्रदरांनी सगळ्या पंथांच्या धर्मगुरूंना बोलावलं होतं. संध्याकाळी ओळखी झाल्या. पास्टरांची पाळी आली, तेव्हा त्यांनी आडपडदा ठेवला नाही.

"माही बायको शालू पावसाळ्यात गेली. तेव्हापासून मले प्रार्थना येऊन नाई राहिली. नुसतं पाठ केलेलं बोलतो. घरी गेलो का राजीनामा देतो."

फादर मार्टिन जमिनीकडे बघत राहिले.

शालूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा न्हाऊ घालण्यापासून वेणीपर्यंत सगळं पास्टरच करत, हे साऱ्या अकोल्याला ठाऊक होतं. तिच्या पायांना तेल चोळता चोळताच त्यांची प्रार्थना होई. ती गेली आणि हात रिकामे झाले. रिकामे हात जोडले तरी शब्द फुटेना. तिच्या मातीच्या दिवशी फादर मार्टिन कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर छत्री धरून उभे होते. पास्टरांनी पाहिलं होतं, पण न पाहिल्यासारखं केलं होतं.

निजायच्या आधी मठाचे वडील, म्हातारे ब्रदर किसन, प्रत्येकाजवळ गेले आणि कानात एकेक नाव सांगून आले. मठाची ही जुनी रीत. ज्याचं नाव मिळालं त्याची आठवडाभर सेवा करायची, पण त्याला कळू द्यायचं नाही. शेवटच्या दिवशी त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहायचं.

"फादर मार्टिन," ब्रदर पास्टरांच्या कानात म्हणाले.

"दुसरं नाव नाई का?"

"नाई."

सकाळी फादर न्याहारीला आले ते काठी टेकत, लंगडत. "थंडीनं गुडघा धरला," ते कोणाला तरी सांगत होते. झालं! पास्टरांनी कपाळाला हात लावला. म्हणजे नुसता पाण्याचा तांब्या भरून भागणार नव्हतं.

त्यांनी गरम पाणी नेलं, ताट नेलं, जिना उतरायला हात दिला.

"काहून करता एवढं?" फादरांनी विचारलं.

"शेजारच्या खोलीत आहो म्हणून," पास्टर तुटकपणे म्हणाले.

दुपारी ते तेलाची वाटी घेऊन आले. फादरांनी झगा वर करून पाय पुढे केला.

"सकाळी तं डावा होता ना?"

"वात हाय, पास्टर. फिरते तो."

पास्टर चोळू लागले. हातांना काम सापडलं आणि थोड्या वेळानं त्यांच्या ध्यानात आलं की आपले ओठ हलताहेत. शालूसाठी म्हणायचे ते स्तोत्र ओळीमागून ओळ येत होतं, न आठवता. मग ते प्रभूची प्रार्थना म्हणू लागले. फादरही म्हणू लागले, पण कॅथलिक जिथे थांबतात तिथे थांबले. प्रोटेस्टंट पुढे म्हणतात ती शेवटची ओळ पास्टर एकटेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी मात्र फादर थांबले नाहीत. पास्टरांनी मान वर केली नाही, नुसतं आणखी तेल घेतलं.

आता त्यांना दुपारची वाट पाहावीशी वाटू लागली. सकाळी दाराशी फादरांच्या चपला ओल्याचिंब, गवत चिकटलेल्या सापडत. ब्रदर लोकांनी अंगण शिंपताना भिजवल्या असतील म्हणून पास्टर त्या पुसून उन्हात ठेवत.

एकच गोष्ट खुपत होती. त्यांचं स्वतःचं पाणी त्यांनाच भरावं लागे, चहा निवालेला मिळे. आजूबाजूला कोणाचे कपडे धुतलेले, कोणाच्या उशाशी फुलं. "माहं नाव कोन्या आळशाच्या कानात पडलं, देव जाणे," ते फादरांकडे कुरकुरले.

"असन कोनी," फादर म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

शेवटच्या सकाळी ब्रदर किसननी विचारलं, "राजीनाम्याचं काय?"

"रविवारी उपदेश कोन करन मंग?" पास्टर म्हणाले. "अन् फादरच्या गुडघ्याले रोज तेल लावा लागते. एकटा माणूस. मी जात जाईन त्याच्याकडे."

दालनात खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. एकेक जण उठून आपल्या माणसामागे उभा राहू लागला. कोणी हसलं, कोणी गळ्यात पडलं. पास्टरांच्या खुर्चीकडे कोणी फिरकलं नाही. त्यांना थोडं वाईट वाटलं. पण पाळी आली तेव्हा ते खुशीनं उठले, दालन ओलांडून फादरांच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. टाळ्या पडल्या.

"फादर, आता तुमी," ब्रदर म्हणाले.

पास्टरांनी लगबगीनं काठी उचलून पुढे केली, दुसरा हात फादरांच्या काखेत घालायला ते वाकले. "सावकाश. मी हाय."

"राहू द्या, पास्टर," फादर मार्टिन हळूच म्हणाले. ते ताडकन उठले, काठी पास्टरांच्या हातात तशीच ठेवून तरातरा दालन ओलांडून गेले, आणि समोरच्या रांगेतल्या पास्टरांच्या रिकाम्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले.