अर्धवट नोंद

प्रेमाक्का कीबोर्डला हात लावेनात, तशी वीणाची चुळबुळ सुरू झाली.

बंगळूरमधल्या राजाजीनगरच्या त्या रुग्णालयात गेल्या वर्षी, म्हणजे शहाण्णवात, चार संगणक आले आणि एकाच डेटाबेसला जोडले गेले. एकाने नोंद उघडी टाकून कॉफीला जावं आणि बाकीच्यांचे पडदे अडकून बसावेत, हे रोजचंच झालं. बिलाच्या खिडकीवर तर हमरीतुमरी व्हायची. शेवटी पुण्याहून नोकरीला आलेल्या वीणाने उपाय काढला. दहा मिनिटं एकही कळ दाबली गेली नाही, की प्रोग्रॅम आपोआप बंद. अर्धवट नोंद असेल तर तीही टाकून द्यायची. निम्मीशिम्मी माहिती ठेवून करायचं काय? सोमवारपासून सगळ्यांचं सुरळीत चाललं होतं. कुरकुर होती ती एकट्या प्रेमाक्कांची. "माझ्याकडचं ते काढून टाक ग," असा त्यांनी धोशाच लावला. बाईंना शिस्त नको आहे, हे वीणाने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. आज ती स्वतःच्या डोळ्यांनी बघायला त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

दगावलेल्यांच्या नोंदी प्रेमाक्कांकडे असत. समोर रघुजी नावाचे म्हातारे गृहस्थ होते. बायकोला रिक्षातून आणलं, पण दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तिचं नाव, वय, पत्ता, एकेक शब्द ते ओढून काढल्यासारखा सांगत होते आणि प्रेमाक्का एका बोटाने टाइप करत होत्या. 'त्रास कधीपासून होता' इथे येऊन रघुजी थांबले.

प्रेमाक्कांनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि हात मांडीवर ठेवले.

"सरी, असू दे अण्णा, सावकाश. स्वल्प, थोडं पाणी घ्या."

त्यांनी पाणी घेतलं नाही. ते लहान मुलासारखे रडू लागले. प्रेमाक्का पडद्याकडे वळल्या नाहीत. वीणाचं लक्ष मात्र पडद्यावरच होतं. बोट लांब करून एक कळ दाबणं तिला सहज जमलं असतं. पण तिने हाताची घडी घातली. एकदा अद्दल घडली की लक्षात राहील, असा तिचा हिशेब.

दहा मिनिटं भरली आणि नोंद मिटली. पडद्यावर पासवर्ड विचारणारी चौकट आली.

"अक्का, मधूनमधून एखादी कळ दाबायची, बस्स," वीणा हळूच म्हणाली. "एवढंच तर आहे."

"ते रडत असताना?" प्रेमाक्कांनी विचारलं. त्यात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

प्रेमाक्का उठल्या. कीबोर्ड त्यांनी वीणापुढे सरकवला.

"मी एकदा विचारलं त्यांना. दुसऱ्यांदा नाही होणार माझ्याच्यानं. तू विचार."

वीणाने पासवर्ड दिला. कोऱ्या चौकटी उघडल्या. तिनेच आखलेल्या होत्या त्या, एकाखाली एक, नीटनेटक्या. मग तिने पहिल्यांदाच रघुजींकडे पाहिलं. त्यांच्या स्वेटरची बटणं वरखाली लागली होती. हातात बायकी चपलांचा जोड होता, रिक्षातून उतरताना उचललेला. वीणाला एकाएकी स्वतःची लाज वाटली.

"आजोबा... नाव सांगता? आजींचं?"

रघुजींनी मान वर केली. आधी प्रेमाक्कांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"सोयराबाई," ते म्हणाले. "आत्ताच सांगितलं होतं की, बाळ. इतक्यात पुसलं?"