एकाच क्रमांकाचे दोघे

मेमेने बटण दाबले. एरवी त्या लहानशा संगणकातून तिच्या दिवंगत नवऱ्याने गायलेले किडुंग, म्हणजे देवाचे गाणे, वाजे. आज आधी बाळाचे रडणे आले. मग, श्वासाइतकीही फट न पडता, नवऱ्याचा खाकरा आणि गाण्याची शेवटची ओळ.

लोखंडाच्या पूजेचा, तुंपेक लांडेपचा दिवस होता, म्हणून घरातल्या इतर लोखंडी वस्तूंप्रमाणे संगणकावरही फुलांची परडी होती. मुलाने, केर्ताने, ती हलकेच बाजूला केली.

"बाळाचं रडणं मी काल भरलं," सून सेकर नवऱ्याला म्हणाली. "साठवायला जागा पुरेना, म्हणून बापांचं गाणं पुसलं. ब्ली, मला वाटलं तुमच्याकडे दुसरी प्रत असेल."

"नव्हती."

त्या संगणकातील फाइलींची व्यवस्था केर्तानेच लिहिली होती. ती प्रत्येक फाइलीला क्रमांक देई, आणि संगणक नावापेक्षा त्या क्रमांकावरच विसंबे. मोकळा झालेला क्रमांक पुन्हा द्यायचा, तर नवी फाइल जुनीपेक्षा वेगळी ओळखू यावी म्हणून त्यासोबतचा पिढीचा आकडा वाढवावा लागतो. केर्ताने तिथे कायमचे शून्य लिहून ठेवले होते.

"म्हणजे झालं काय?" मेमेने विचारले. नातू तिच्या मांडीवर होता. विधी व्हायचा होता, म्हणून त्याचे पाय अजून भुईला लावलेले नव्हते.

"बापांचा क्रमांक बाळाला गेला. संगणकाला वाटतं, दोघं एकच. बाळाचं रडणं संपलं की संगणकाच्या आठवणीत उरलेले बापा वाजतात."

"त्या वैदूने, बालियानने, हेच सांगितलं, की बाळाच्या रूपात तेच परत आलेत, तेव्हा तुम्ही दोघं दात काढत होतात."

"मेमे, ही माझी चूक आहे. आकडा बदलला की दोघं वेगळे होतील."

"आणि त्यांचा आवाज?"

"तो जाईल. पण नाही बदलला, तर उद्या बाळाचा फोटो उघडशील आणि भलतंच कुणी समोर येईल."

केर्ताने शून्य खोडून एक लिहिला. आता फक्त एक कळ दाबायची उरली.

मेमेने बाळाचे दुपटे सोडले, त्याच्या उघड्या छातीवर तळवा ठेवला आणि थोडी थांबली.

"हं. आता दाब."

केर्ताचे बोट कळीपर्यंत गेले. पण काल गाणे पुसणाऱ्या सेकरनेच त्याचे मनगट घट्ट धरले होते.