सोयऱ्याकडे न जाणारा हिरवा

दफिनाने काळा कागद वडिलांपुढे, मेतोदियांपुढे, ठेवला. त्यावर तिने आपल्या गावचे, ओह्रिडचे सरोवर जलरंगांत रंगवले होते. समोरून पाणी हिरवे दिसत होते. मेतोदियांनी कागद खिडकीकडे किंचित कलवला, तसे ते जांभळे झाले.

रंग विकतचा नव्हता. त्याच्या तळाची मऊ झळाळी मेतोदियांच्या ओळखीची होती. ती सरोवरातल्या चिमुकल्या माशांच्या खवल्यांतून निघते आणि तिचेच थर शिंपल्याच्या मण्यांवर चढवून त्यांचे घराणे मोती करीत आले होते. ती कशी काढायची, हे घरात एकालाच ठाऊक असे आणि तो ते मुलाला सांगे. मुलीला नाही, कारण मुलीबरोबर गुपितही सोयऱ्यांकडे जाते. मेतोदियांना मुलगा नव्हता. म्हणून रविवारी स्कोप्येहून त्यांचा ट्रायचे नावाचा पुतण्या ते शिकायला यायचा होता.

"दाराच्या फटीतून पाहिलंस?" त्यांनी विचारले. आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो दफिनाला अधिक झोंबला.

"तसं पाहिलं असतं तर तुमचाच रंग झाला असता. नीट बघा, बाबा."

मोती पारखावा तसा त्यांनी तो कागद पारखला. आधी समोरून, मग तिरका, मग डोळ्यांच्या रेषेत धरून. ओल्या बोटाने कडेचा रंग चोळून पाहिला. रंग बांधायला घातलेला डिंक कळला, मध कळला. रंग काचेवर इतका बारीक घोटलेला होता की बोटाखाली एक कणही जाणवला नाही. पण हिरवा कुठून आला, ते कळेना. त्यांच्या खवल्यांतून पांढरा निघे, फार तर गुलाबी. ऐन उमेदीत त्यांनी हिरव्यामागे दोन हिवाळे घालवले होते आणि गढूळ पाण्याखेरीज हाती काही लागले नव्हते. त्याबद्दल ते कधी कोणाशी बोलले नव्हते.

हा कागद चोरीचा नव्हता. त्यांनी हळूच विचारले, हिरवा कसा साधलास?

दफिना ब्रश पुसत होती. "तुमचं तुम्ही सांगा, मग माझं मी सांगते. नाहीतर तुमचं ट्रायचेला द्या. माझं कोणाला द्यायचं, ते मी बघीन."

 कागद उचलून मेतोदिया तसेच गल्लीत उतरले.

समोर सोतिर आपल्या दुकानाच्या पायरीवर कॉफी पीत बसला होता. तोही मोतीवालाच. आपल्या दोन्ही मुलांचे कौतुक मेतोदियांच्या कानांवर घालण्याची एकही संधी त्याने आजवर सोडली नव्हती. त्याने कागद हातात घेतला, फिरवला, पुन्हा फिरवला आणि सावलीतून उठून उन्हात गेला. कॉफी निवली.

"पोरीनं केलंय?"

मेतोदियांनी मान डोलावली.

"मग रविवारी तो पुतण्या येतोय, तो कशाला?"

"येऊ दे. जेवून जाईल."

सोतिरने कागद डोळ्यांजवळ नेला, दूर धरला. शेवटी न राहवून त्याने विचारलेच, यात घातलंय काय?

घरात मुलगा झाल्याची बातमी गल्लीभर द्यावी, तशा आवाजात मेतोदिया म्हणाले, "मलासुद्धा सांगत नाही ती."