चार नंबरचा हात

भिंगाखाली आईचा उजवा हात आला. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई अंगठ्यापासून करंगळीपर्यंत सावकाश सरकल्या. कुठे टवका नाही, ओरखडा नाही, टोकंसुद्धा झिजलेली नाहीत. लालभडक, चकचकीत, जसा काही आत्ताच ब्रश फिरवलाय.

बाईंच्या कपाळाला आठी पडली. आतापर्यंत आठ जणींचे हात तपासून झाले होते आणि कोणत्याच हातावर तीनपेक्षा कमी टवके सापडले नव्हते. तरी त्या म्हणाल्या, "सात नंबर, शून्य." शेजारी बसलेल्या लेकीनं तक्त्यात शून्य काढलं.

आईनं सात दिवसांनी पहिल्यांदा सुटकेचा निःश्वास टाकला. तिचा खांदा ठणकत होता. डावा खांदा.

लेक या नेलपॉलिशच्या कारखान्यात रंग बनवायच्या कामाला होती. दोन नवे रंग तयार होते आणि बाजारात एकच जाणार होता. कोणता जास्त टिकतो ते बघायला हातांनी राबणाऱ्या नऊ बायका बोलावल्या होत्या. एका हाताला सात नंबर, दुसऱ्याला चार नंबर, सात दिवस नेहमीचं काम आणि मग टवक्यांची मोजणी. ऐनवेळी एक बाई गळाली, म्हणून लेकीनं आईला उभं केलं. दोनातला एक रंग लेकीचा होता, आठ महिने खपून केलेला. तो हरला की बाटली कपाटात आणि विषय बंद. कोणता तो, हे मात्र ती सांगेना. नियम म्हणजे नियम. "नेहमीसारखीच वाग," एवढंच तिनं बजावलं होतं, आणि आईनं तशा कागदावर सहीही केली होती.

पण आईला सांगावं कशाला लागतंय? चार नंबर होता मॅट. चमक नावालाही नाही, ओल्या मातीसारखा मळकट. असला रंग हौसेनं कोण लावणार? आणि सात नंबर म्हणजे लाल! लहानपणी लेकीनं लाल रंगानं भिंत रंगवली होती, बापाची चप्पल रंगवली होती, आणि शेजारणीचं मांजर पळालं म्हणून अर्धंच राहिलं होतं. लाल तिचाच. पोटच्या पोरीचा रंग आईला ओळखू येणार नाही?

आणि मग सुरू झाला सात दिवसांचा तमाशा. आई एका कॅन्टीनमध्ये भांडी घासायची. हात घालावा तर खांदा बुडेल अशी पातेली, तारेची घासणी, कढत पाणी. उजवा हात तिनं ॲप्रनच्या खिशात ठेवला आणि सगळं डाव्यावर टाकलं. डाव्याला कुठली सवय! पहिल्या दिवशी दोन बशा फुटल्या. शेजारी घासणाऱ्या ताईनं विचारलं, "उजव्या हाताला सोनं लागलंय का गं?" आईनं पुढचं पातेलं डाव्या हातानं ओढलं. घरीही तेच. ओले कपडे पिळताना एक टोक गुडघ्यात धरायचं आणि दुसरं डाव्या हातानं फिरवत बसायचं. कणीक मळायची डाव्यानं, केस विंचरायचे डाव्यानं. चौथ्या दिवसापासून पाण्याचा पेला उचलतानाही तो हात थरथरायला लागला. पण उजव्या हाताला तिनं पाण्याचा थेंब लागू दिला नाही.

आता भिंगाखाली तो डावा हात आला. कातडं सोललेलं, बोटं सुजलेली. बाई बराच वेळ बघत राहिल्या.

"चार नंबर. अंगठ्याला एक."

आठ जणींचा निकाल चार-चार असा बरोबरीत होता. म्हणजे आईच्या हातावर सगळं ठरलं, आणि लाल जिंकला. आईनं हसून लेकीकडं बघितलं. लेक पेनाचं टोपण लावत होती. किती वेळ लावत होती.

मग तिनं कापूस आणि रंग पुसायची बाटली आणली आणि आईपुढं बसून उजवा हात पुसायला घेतला. लाल रंग कापसावर उतरत गेला.

"तोंड का गं एवढंसं?" आईनं हळूच विचारलं.

"दमलेय." तिनं पाचवं नख पुसून संपवलं. "चार नंबर माझा होता, आई. चकचकीत रंगावर ओरखडा लगेच दिसतो. तुझ्यासारख्या हातांवर दिसू नये, असा करायचा होता. मॅट टिकत नाही म्हणतात सगळे. मला वाटलं होतं, माझा टिकेल."

लेकीनं नवा कापूस भिजवला आणि डावा हात ओढला, तशी आईनं मूठ आवळून तो मागं घेतला. पलीकडं बाई तक्त्यावर सही करायला वाकल्या होत्या. आई उठली, टेबलापाशी गेली आणि डावा हात थेट भिंगाखाली ठेवला.

"सही करू नका, बाई. उजवा हात मी सात दिवस नुसता सांभाळलाय."

बाईंनी चष्मा काढला. त्यांचाही दिवस टवके मोजण्यात गेला होता. "कागदावर काय लिहून दिलं होतं तुम्ही?" त्या वैतागून म्हणाल्या. "आता ही नोंदच बाद करावी लागेल."

"खुशाल करा. पण आधी तो एक टवका परत बघा." आईनं सुजलेली बोटं पसरली. "दोन्ही हातांचं काम या एकट्यानं केलंय."