सोमवारचा जनरेटर

"आज?" हरिदासच्या तोंडून निघून गेलं. "आज कसा चालू होईन तो, सिस्टर? आज त शुक्रवार हाय!"

दीपाली सिस्टर बदलून येऊन आठवडाही झाला नव्हता. नवजात बाळांचा वॉर्ड तिच्याकडे होता. दवाखान्यामागच्या टिनाच्या शेडात, जनरेटरसमोर उभी राहून ती हरिदासकडे बघतच राहिली.

"हरिदासभाऊ, लाईट वार बघून जाते का?"

आता खरं सांगायचं तर हा जनरेटर म्हणजे दवाखान्याची शान होती. दर सोमवारी दहाला मोठे डॉक्टर तपासायला येत, हरिदास किल्ली फिरवी आणि पहिल्याच झटक्यात गडी धडधडायला लागे. डॉक्टर "वा!" म्हणून निघून जात. पण त्या "वा"साठी हरिदास सकाळपासून खपलेला असे. बॅटरीला चार्जर लावायचा, डिझेलचा हातपंप मारून ठेवायचा, थंडीत रेडिएटरमध्ये गरम पाणी ओतायचं, वरून हळदकुंकू. पाहुणे बघायला यायचे म्हणून पोरगी नटवून बसवावी, तसला थाट. डॉक्टरांची पाठ फिरली की चार्जर कपाटात कुलूपबंद, चोरीला जायला नको म्हणून! साहेबांसमोर फजिती होऊ नये, एवढंच सगळे बघत. यात काही वावगं आहे, असं कुणाच्या डोक्यात कधी आलंच नाही.

"कशालेच हात लावू नका," सिस्टर म्हणाली. "नुसती किल्ली फिरवा."

हरिदास हसतच पुढे झाला. किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. तिसऱ्यांदा तेवढाही आवाज आला नाही.

"अरे बाप रे," तो पुटपुटला. त्याची नजर वॉर्डाच्या खिडकीकडे गेली.

त्याची लेक दिव्या याच दवाखान्यात परवा बाळंत झाली होती, दिवस भरायच्या आधीच. त्याची नात, मूठभर जीव तो, आत काचेच्या पेटीत श्वासाच्या मशीनवर होती. त्या मशीनची स्वतःची बॅटरी जुनी, घडीभर टिकली तर टिकली. दोन दिवस वारा सुटला होता, मार्कंड्याच्या देवळाच्या बाजूनं आभाळ भरून येत होतं. लाईट गेली नव्हती, ती निव्वळ नशिबानं.

"म्हंजे... काल गेली असती त?"

सिस्टरनं वळून ॲम्ब्युलन्सकडे हात केला. तिचाही चेहरा उतरला होता.

ॲम्ब्युलन्सवाल्या प्रवीणनं गाडी शेडाला भिडवली, गाडीच्या बॅटरीवरून वायर जोडली, तेव्हा कुठे जनरेटर धडधडला. हरिदासच्या जिवात जीव आला.

"झाला न चालू!"

"हे धरायचं नाई, भाऊ. प्रवीणभाऊची गाडी काय रोज इथीच उभी राहते?"

तेवढ्यात मोठे डॉक्टर धावत आले. हरिदासवर ओरडायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. दर सोमवारी "वा!" कोण म्हणत होतं?

दुपारपर्यंत बाजारातून नवी बॅटरी आली. चार्जर कपाटातून निघून भिंतीवर कायमचा ठोकला गेला. आणि नवी रीत ठरली: तपासणी कुठल्याही वारी, न सांगता, आधी कशालाही हात न लावता, आणि नुसतं इंजिन चालवून नव्हे, लाईट खरीखुरी बंद करून. पहिली तपासणी आजच, लगेच. आभाळ आता चांगलंच काळवंडलं होतं.

"वादळानं घालवाच्या आधी आपणच लाईट घालवू," सिस्टर म्हणाली. "आता सारे हजर आहेत. मी बाळाजवळ थांबते, मशीन बंद पडलीच त हातानं श्वास द्याची पिशवी घेऊन. खिडकीतून हात दाखवला का मेन ओढा."

ती गेली. शेडात हरिदास एकटा उरला. बघायला कुणी नव्हतं. त्याचा हात सवयीनं डिझेलच्या हातपंपाकडे गेला आणि चटका बसल्यासारखा मागं आला. नाही, आज नाही. कशालाही हात न लावता चालू होतो का, हे त्यालाच कळायला हवं होतं. आणि कळायचीच भीती वाटत होती.

भिंतीला धरत धरत दिव्या शेडाच्या दारापर्यंत आली.

"बाबा, डॉक्टरसाहेब अन् सिस्टर हातानं दाबाची हवेची पिशवी घेऊन बाळाजवळ उभे हायेत. काऊन?"

कळा सुरू झाल्या तेव्हा जावई तिला गडचिरोलीच्या मोठ्या दवाखान्यातच न्यायला निघाला होता. हरिदासनंच छाती पुढं काढून अडवलं होतं, "कायले? आपल्या दवाखान्यात लाईट जाऊच शकत नाई. बाप बसला हाय न!"

"लाईट बंद करून पाहाची हाय," तो कसाबसा म्हणाला.

"एवढंच?" दिव्याला हायसं वाटलं. "मंग भ्यायचं काय त्याच्यात? जनरेटर त तुमच्याच हाती हाय."

समोर वॉर्डाच्या खिडकीत सिस्टरचा हात वर झाला. हरिदासनं मेन स्विचचा दांडा घट्ट धरला. लेकीकडे बघायची काही त्याची छाती झाली नाही.

"तू आत जा वं बाई," तो म्हणाला. "ते पिशवी कशी दाबाची, शिकून घे."